पाण्याची साक्ष

बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्यासारख्या नोकरदार माणसाच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो पाण्याचा. नव्या गावाची भाषा, मुलांची शाळा, घरभाडे या पुढच्या गोष्टी. आधी ‘तिथले पाणी कसे आहे?’ हे विचारले जाते. पाणी मानवले तर गाव मानवते, आणि पाणी लागले तर गावातले सारेच खटकू लागते. माझी बंगळूरला बदली झाली तेव्हा एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी ‘हवा उत्तम, पाणी जड’ असा निर्वाळा दिला होता. तो मी प्रमाण मानला, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला स्वतःच्या अनुभवाचा म्हणून सांगितला. पाणी जड म्हणजे किती जड, हे मोजून पाहावे असे मला कधी वाटले नाही.

न वाटण्याचे कारण माझ्या धंद्यात आहे. ‘तपासले’ हा शब्द मी दिवसातून तीसचाळीसदा लिहितो. कागदी फाइली जाऊन संगणकाच्या पडद्यावरच्या फाइली आल्या, तरी शब्द तोच राहिला. त्या तीसचाळीस वेळांपैकी खरोखर तपासलेले किती असते? आधीच्या टेबलावरच्या माणसाने पाहिले असेल या भरवशावर मी सही करतो, आणि माझ्या सहीच्या भरवशावर पुढचा करतो. कारभार असाच चालतो, आणि पुष्कळदा नीट चालतो, हेही कबूल केले पाहिजे. सर्वांनी सर्व काही स्वतः तपासायचे ठरवले तर कोणाचेही निवृत्तिवेतन वेळेवर हाती पडणार नाही. म्हणून न तपासता विश्वास ठेवणे यात काही नैतिक दोष आहे, असे मला वाटत नसे. २०२५ च्या उन्हाळ्यात एका हौदाने माझ्या या समजुतीला धक्का दिला.

आम्ही बसवनगुडीत राहतो. १८९८ साली बंगळूरात प्लेग शिरला, आणि दाट पेठांतील माणसांना मोकळ्या हवेत नेण्यासाठी जी उपनगरे आखली गेली त्यांतले हे एक. म्हणून येथले जुने रस्ते रुंद, झाडे मोठी, आणि थोड्याफार उरलेल्या जुन्या घरांना मागे ऐसपैस परस. आमचे घरमालक हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले कन्नड गृहस्थ आहेत. आमच्या मुलीसकट सगळी मुले त्यांना ‘तात’ म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांच्या गुडघ्यांवर डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला, तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने परसात पोहण्याचा एक लहान हौद बांधून दिला. आठ मीटर लांब, तीन मीटर रुंद, सव्वा मीटर खोल. म्हणजे ३०,००० लिटर पाणी. आठवड्यातून एकदा एक माणूस येऊन त्यात औषधाच्या वड्या टाकून जाई. पाणी निळे दिसे, आणि निळे दिसते म्हणजे चांगले आहे, असे आम्ही सारे धरून चालत असू.

एप्रिलच्या सुट्टीत तातांची नातवंडे आली. आमची आठ वर्षांची मुलगी त्यांच्यात मिसळली. दोन्ही घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा दहा वर्षांचा मुलगा सुट्टीमुळे आईबरोबर येत असे. तातांनीच त्याला पाण्यात उतरायला सांगितले. दोनेक आठवडे मोठी धमाल चालली. मग पाणी धुरकट दिसू लागले, क्लोरीनचा उग्र दर्प परसभर पसरला आणि मुलांचे डोळे लाल झाले. एका संध्याकाळी आम्ही मोठी माणसे मागच्या ओसरीवर बसलो असताना मी म्हणालो, “हल्ली हौदात फार जणांची ये-जा वाढली आहे.”

माझे कन्नड मोडके आहे, पण एवढे वाक्य मला बिनचूक जमले. त्यात कोणाचे नाव नव्हते. कर्ता लपवून वाक्य रचण्याची कला आम्हां कारकुनांच्या हाडीमाशी खिळलेली असते. पण पलीकडे भांडी विसळणाऱ्या त्या बाईंना वाक्यातला कर्ता बरोबर कळला. माझ्या मुलीलाही कळला असावा, कारण तिने चमकून माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा पाण्यात उतरला नाही. पायरीवर बसून तो इतरांचे पोहणे पाहू लागला. त्याला ‘येऊ नकोस’ असे कोणी म्हटले नव्हते, म्हणून ‘ये’ म्हणण्याची आठवणही कोणाला झाली नाही.

तातांच्या मनात मात्र माझे वाक्य रेंगाळले असावे. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारले, “पाणी बिघडले म्हणता, किती बिघडले? आकडा सांगा.” माझ्यापाशी आकडा नव्हता. ज्यांनी पस्तीस वर्षांत आकड्यावाचून शेरा मारला नाही, अशा माणसापुढे मी शेरा मारून बसलो होतो. ते एवढेच म्हणाले, “तर मग मोजू.”

बी. ए. ला तत्त्वज्ञान हा माझा विषय होता. त्या रात्री मला विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा श्रद्धेच्या नीतीवरील निबंध आठवला. १८७७ सालच्या त्या निबंधात एक जहाजमालक आहे. आपले जहाज जुने झाले आहे, दुरुस्ती हवी, अशी शंका त्याला येते. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप पार पडल्या, हीही पडेल. हळूहळू त्याचा खराच विश्वास बसतो, आणि तो प्रसन्न मनाने उतारूंना निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे की जहाज तरले असते तरी हा मनुष्य तितकाच दोषी ठरला असता, कारण हातातल्या पुराव्याने त्याला तसा विश्वास ठेवण्याचा अधिकारच नव्हता. पुढे १८९६ साली विल्यम जेम्सने याला उत्तर दिले: जीवनातील कित्येक निर्णय पुराव्याची वाट पाहत थांबत नाहीत, आणि तेथे विश्वास टाकण्याचा माणसाला हक्क आहे. परीक्षेत या दोघांची तुलना करून मी बरे गुण मिळवले होते. आपल्या ओसरीवरच्या वाक्याला यांतले कोणते मत लागू पडते, हा प्रश्न परीक्षेत आला नव्हता.

तातांनी परीक्षणाची एक पेटी मागवली. काही काचनळ्या, काही थेंबांच्या कुप्या, काही गोळ्या, आणि रंग ताडून पाहण्याचा एक तक्ता. पहिला धडा नमुना घेण्यातच मिळाला. पाणी पृष्ठभागावरून घ्यायचे नसते. हात कोपरापर्यंत बुडवून, नव्या पाण्याच्या तोटीपासून दूर घ्यायचे असते. नळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, पाठीमागे पांढरा कागद ठेवायचा आणि दिवसाच्या उजेडात पाहायचे. दिव्याखाली गुलाबी आणि नारिंगी यांत फसगत होते. थोडक्यात, पाण्याला विचारण्यापूर्वी विचारणाऱ्यालाच बरेच नियम पाळावे लागतात.

पहिली परीक्षा पीएचची. आम्लता मोजण्याचे हे माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञाने दिले. एका अंकाने माप वाढले की आम्लता दहापट घटते. माणसाच्या अश्रूंचा पीएच सुमारे ७.४ असतो, म्हणून पोहण्याचे पाणी ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावे, म्हणजे डोळ्यांना ते परके वाटत नाही. आमच्या नळीत फिनॉल रेडचे थेंब पडताच पाणी भडक लाल झाले: ८.२. हा केवळ डोळ्यांचा प्रश्न नव्हे. साध्या पाण्यात पीएच ७.५ असता क्लोरीनचा सुमारे अर्धा भाग जंतूंना मारणाऱ्या रूपात असतो. ८ झाला की जेमतेम पाव भाग उरतो. पहारेकरी तेवढेच, पण बहुतेक झोपलेले.

दुसरी परीक्षा क्लोरीनची. १९५७ साली पॅलिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने बसवून दिलेली डीपीडीची ही रीत आजही चालते: क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते. मोकळे क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम हवे. आमचे निघाले अर्धा. एकूण क्लोरीन मात्र अडीच. मधले दोन मिलिग्रॅम घामामूत्रातील द्रव्यांशी बांधले गेले होते. आणि येथे मला पुस्तिकेतले एक वाक्य दोनदा वाचावे लागले. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तो मुख्यतः या बांधलेल्या क्लोरीनचा असतो, आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. वास येतो म्हणजे औषध फार झाले असे नव्हे. बहुधा ते कमी पडले असा त्याचा अर्थ असतो. ज्या दर्पावरून आम्ही एक वर्ष हौदाच्या स्वच्छतेची खात्री करून घेत होतो, तोच दर्प अस्वच्छतेची खूण होता.

तिसरी परीक्षा सर्वांत बोलकी ठरली. हौदातल्या वड्यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असते. उन्हात क्लोरीन झपाट्याने नाहीसे होते, ते या आम्लाच्या आधाराने टिकते. लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम असेपर्यंत हा आधार उपयोगी. पण क्लोरीन खर्च होते आणि हे मागे राहते. पाणी उडून गेले तरी हे जात नाही. प्रत्येक वडीबरोबर ते वाढत जाते, आणि फार झाले की क्लोरीनला इतके घट्ट धरून ठेवते की त्याच्याने काम होत नाही. ते घालवण्याचा व्यवहारातला उपाय एकच, पाणी बदलणे. आमच्या हौदात ते १२० निघाले. कारणही सापडले. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळूरच्या जलमंडळाने तरणतलावांसाठी पिण्याचे पाणी वापरायला मनाई केली. तेव्हापासून तातांनी हौदात कावेरीचा थेंब घातला नव्हता आणि हौद रिकामाही केला नव्हता. उडालेल्या पाण्याच्या जागी परसातल्या बोअरचे क्षारयुक्त पाणी भरीला घालत होते. पीएच चढला होता तो या पाण्याने. बिघाड पंधरा दिवसांचा नव्हता. वर्षभर तो थेंबाथेंबाने आणि वडीवडीने साचला होता. सुट्टीतल्या मुलांनी शेवटचा धक्का दिला असेल, पण त्यांत कोणा एका मुलाकडे बोट दाखवणारा थेंब पेटीत नव्हता.

उलट पुस्तिकेत पाणी बिघडवणाऱ्या गोष्टींची यादी होती, आणि तिच्यात अंगाला लावलेले तेल होते. दर रविवारी डोक्याला खोबरेल चोपडून, वरचेवर अंग पुसून, हौदात डुंबणारा गृहस्थ मीच. तो मुलगा मात्र उतरण्यापूर्वी तोटीखाली डोक्यापासून पायापर्यंत अंग धूत असे. मोठ्यांच्या हौदात जातोस, म्हणून आईची त्याला ताकीद होती. हे मी पंधरा दिवस डोळ्यांनी पाहिले होते. पाहिलेले आणि जाणलेले यांच्यामध्ये माझा एक तयार निर्णय उभा होता.

आपल्या लोकांना पाण्याच्या शुद्धीवर न तपासता निर्णय देण्याची सवय जुनी आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत त्याला त्या ओंजळींनी विटाळ झाला, असे गावच्या सनातन्यांनी ठरवले, आणि १०८ घागरींत पंचगव्य कालवून, मंत्र म्हणून तळे ‘शुद्ध’ केले. आज कोणतीही काचनळी सांगेल की पाणी बिघडले असेल तर ते त्या घागरींनी. तळे सर्वांना खुले असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. ही कथा मी शाळेत वाचली होती आणि त्या सनातन्यांना मनोमन हसलो होतो. माझ्या ओसरीवर ना पंचगव्य होते ना मंत्र. होते ते क्लोरीन आणि शिष्ट भाषा. पण मनाची चाल तीच होती. पाण्याला न विचारता, कोण उतरले यावरून मी पाण्याची प्रत ठरवली होती.

येथे क्लिफर्ड आणि जेम्स यांच्यातला वाद माझ्यापुरता मिटला. सर्व काही तपासलेच पाहिजे हे क्लिफर्डचे मागणे माणसाला पेलणारे नाही. मी रोज जे पाणी पितो, जे औषध घेतो, ज्या पुलावरून जातो, ते सारे दुसऱ्याच्या भरवशावर. तो भरवसा फसला तर बहुधा नुकसान माझे होते, आणि ती जोखीम पत्करण्याचा मला हक्क आहे. पण ज्या समजुतीची किंमत दुसऱ्याला भरावी लागते, आणि तीही अशा दुसऱ्याला की जो उलटून ‘आकडा सांगा’ म्हणू शकत नाही, ती समजूत तपासल्यावाचून बाळगण्याचा हक्क मला नाही. जहाजमालकाचे पाप हे की बुडणारे उतारू दुसरे होते. त्या मुलाच्या आईला माझ्या वाक्याचा पुरावा मागता आला असता काय? महिन्याचा पगार ज्यांच्या हातून घ्यायचा, त्यांच्यापाशी पुरावा कोणी मागत नाही. म्हणून तो मागण्याचे काम माझेच होते.

मात्र मोजमाप हाती आले म्हणजे सत्य हाती आले, असेही नव्हे. वड्या बंद करून आम्ही पातळ क्लोरीन वापरू लागलो, आणि साचलेली घाण जाळण्यासाठी एका संध्याकाळी ते मोठ्या मापाने ओतले. दुसऱ्या दिवशी नळीत गोळी टाकताच क्षणभर गुलाबी झाक आली आणि पाणी स्वच्छ पांढरे झाले. क्लोरीन शून्य! मी आणखी ओतायला निघालो. तातांनी हात धरला. त्यांनी नमुन्यात ऊर्ध्वपातित पाणी मिसळून तो पातळ केला आणि पुन्हा गोळी टाकली. रंग गडद गुलाबी आला. क्लोरीन अतोनात झाले की ते परीक्षेचा रंगच जाळून टाकते, आणि अतिरेक शून्यासारखा दिसतो. यातून आम्ही दोन नियम केले. पीएच उतरवण्यासाठी आम्ल घालायचे तर थोडे घालायचे, पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीही नाही, क्लोरीन आणि आम्ल एकमेकांजवळही आणायचे नाही, आणि काही तास थांबून पुन्हा मोजायचे. दुसरा नियम असा की विचित्र आकडा आला तर पाण्याला बोल लावण्यापूर्वी परीक्षेवर संशय घ्यायचा.

उरला प्रश्न सायन्युरिक आम्लाचा. अर्धे पाणी बदलल्यावाचून ते ६० वर येणार नव्हते. १५,००० लिटर पाणी सोडून द्यायचे, तेही अशा शहरात की जेथे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, सुमारे ५०० मीटर उंची चढवून आणावे लागते? आणि सोडायचे तरी कोठे? थोरल्या नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी बसवनगुडीची श्रद्धा आहे. आज ती नदी शहराचे सांडपाणी वाहून नेते, अर्कावतीला मिळते, आणि अर्कावती शेवटी कावेरीला. आमचा हौद त्याच वाटेवरचा एक लहानसा उगम होता. तेव्हा उन्हाळ्यापुरता हौद बंद ठेवायचे ठरले. मोकळे क्लोरीन उतरू दिले, आणि मग रोज थोडे थोडे पाणी काढून ते संडासासाठी व फरशी धुण्यासाठी वापरले.

पावसाळ्यात गच्चीचे पाणी हौदात घेतले. १०० चौरस मीटर गच्चीवर १५० मिलिमीटर पाऊस पडला की १५,००० लिटर होतात, हा हिशेब तातांनी मोठ्या आनंदाने मांडला. त्यांना तर सगळा हौदच आकाशाच्या पाण्याने भरायचा होता. त्याहून शुद्ध ते काय? पण पुस्तिका म्हणाली, थांबा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि असे पाणी भुकेले असते. ज्या भिंती त्याला धरून ठेवतात त्यांच्याच गिलाव्यातला चुना ते खाऊ लागते. पाणी भुकेले की तृप्त हे ताडण्याचे गणित लँगेलिअर या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली मांडले होते. आमच्या बोअरचे जड पाणी आणि पावसाचे हलके पाणी निम्मेनिम्मे झाले, तेव्हा कोठे दोन्हींचा मेळ बसला. इतके दिवस मी जडपणाला दोष समजत होतो. फार शुद्ध पाण्यापासून भिंती वाचवायला तोच उपयोगी पडला.

मधल्या काळात एक काम मी लांबणीवर टाकत होतो. परीक्षणाचे आकडे आले त्याच आठवड्यात ते करायला हवे होते. मला तीन आठवडे लागले. एका सकाळी मी बाईंना म्हणालो की पाणी तुमच्या मुलामुळे बिघडले नव्हते, आम्ही मोजून पाहिले; मी बोललो ते चुकीचे होते. या वेळी वाक्यात कर्ता घातला. त्यांनी हातातले पातेले खाली न ठेवता “आय्तु, सार” एवढेच म्हटले. ‘झाले, साहेब.’ त्यात क्षमा होती की नुसती संभाषण संपवण्याची घाई, हे कळण्याइतके माझे कन्नड अजून पक्के नाही.

ऑक्टोबरात पाणी जमले: पीएच ७.४, मोकळे क्लोरीन २, सायन्युरिक आम्ल ६०. दसऱ्याच्या सुट्टीत माझ्या मुलीने त्या मुलाला हाक मारली. तो आला, पण पाण्यात उतरला नाही, पायरीवर बसला. मी आणि तात नळी धरून नारिंगी की गुलाबी यावर वाद घालत होतो. माझे डोळे चष्म्याचे, त्यांचे मोतीबिंदूचे. तातांनी नळी त्याच्यापुढे धरली आणि विचारले, “तू सांग.” त्याने ती उजेडाकडे केली, तक्त्याशी ताडली, पुन्हा ताडली, आणि आम्हां दोघांहून वेगळा आकडा सांगितला. तातांनी तो वहीत लिहिला. त्यापुढच्या ‘तपासले’ या रकान्यात सही करण्यासाठी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी नळी पुन्हा भरून घेतली, थेंब मोजले, पाहिले, आणि मग सही केली. आकडा त्याचाच बरोबर होता.

पाण्यात तो अजून उतरलेला नाही. नाताळच्या सुट्टीत येईन, असे माझ्या मुलीला म्हणाला आहे.